डिजिटल रेडिओ लागतो का हो तुमच्याकडे?

परवा एका मित्राचा फोन आला, नवीन गाडी घेतलीय त्याने, म्हणाला अरे स्क्रीनवर एफएम एएमच्या शेजारी डीआरएम असं काहीतरी दिसतंय, ते चुकून दाबलं जातं आणि गाणीच बंद होतात, ते काढून कसं टाकायचं? मी त्याला म्हटलं बाबा काढू नकोस, त्यात आकाशवाणी डिजिटल ऐकू येते, फार चांगली सोय आहे ती. तर म्हणे शोरूमवाल्यालाही विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. अशा लाखो गाड्या आज आपल्या रस्त्यांवर फिरतायत, ज्यांच्यात हा रेडिओ कंपनीतूनच बसवून आलाय आणि मालकाला पत्ता नाही. फोन ठेवल्यावर मला राहवेना, म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डीआरएम म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडिआल. १९९८ साली जगभरच्या प्रसारण संस्थांनी मिळून हे काम सुरू केलं, २००३ मध्ये जिनिव्हात त्याचं रीतसर उद्घाटन झालं. शॉर्टवेव्ह आणि मीडियम वेव्हवर तेवढ्याच जागेत, म्हणजे ९-१० किलोहर्ट्झच्या पट्टीत, आवाज डिजिटल करून पाठवायचा. खरखर नाही, स्टेशनचं नाव पडद्यावर येतं, सोबत बातम्यांचा मजकूर पाठवता येतो, आणि पूर किंवा वादळ आलं तर इशारा देऊन सेट आपोआप त्या चॅनलवर नेण्याची सोयसुद्धा आहे. आकाशवाणीने यावर प्रचंड काम केलं, देशभरात पस्तीसच्या आसपास मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डिजिटल करता येतील असे बसवले, त्यात आपलं मुंबई आहे, पुणे आहे, राजकोटचा तर १००० किलोवॅटचा आहे. एवढं जगात दुसऱ्या कुठल्या देशाने मीडियम वेव्हवर केलेलं नाही.

मग ऐकतंय कोण? इथेच सगळं अडलंय. आपल्याकडे म्हण आहे ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, इथे आड काठोकाठ भरलाय आणि पोहराच कुणाच्या हातात नाही.

मी स्वतः हौसेने सेट घेतला. लहानपणापासून रेडिओचं वेड, रात्री मीडियम वेव्हवर लांबलांबची स्टेशनं लावायची, ऐकल्याचा रिपोर्ट लिहून पाठवायचा आणि मग पोस्टमन क्यूएसएल कार्ड, म्हणजे स्टेशनकडून येणारी पोचपावती, घेऊन येण्याची वाट बघायची. त्यामुळे डिजिटल आलं म्हटल्यावर हातात घेऊन बघितल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. बारा हजारांच्या वर पडला तो सेट. घरी कुणी काही बोललं नाही पण साधा ट्रान्झिस्टर हजाराच्या आत मिळतो हे सगळ्यांनाच माहीत आहे.

आमचा फ्लॅट साताऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. पुण्याचं केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, ट्रान्समीटर हडपसरला, म्हणजे इथून शंभर-एक किलोमीटर आणि मधे खंबाटकीचा घाट. ॲनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचं प्रसारण, इथे मस्त लागतं, पिढ्यान्‌पिढ्या लागत आलंय. डिजिटल लावलं तर काय झालं, पडद्यावर स्टेशनचं नाव आलं, सिग्नलच्या दांड्यासुद्धा आल्या, आणि आवाज नाही. दोन सेकंद आवाज यायचा, अगदी काचेसारखा स्वच्छ, निवेदिका शेजारी बसून बोलतेय असं वाटायचं, की परत गप्प. आठवडाभर हेच. एरियल बदलून पाहिली, खिडकीत ठेवून पाहिला, सेट गोल गोल फिरवून पाहिला (आत फेराइटची कांडी असते, ती स्टेशनच्या दिशेला आडवी असली तर सिग्नल सगळ्यात चांगला मिळतो, तिचं टोक स्टेशनकडे आलं की पडतो), थोडा फरक पडायचा, पुरेसा नाही.

मग एका रविवारी दुपारी घरातला मेन स्विचच पाडला आणि सेट बॅटरीवर लावला. आणि काय सांगू, लागला की! सलग वीस मिनिटं एकदाही न तुटता. घाम पुसत ऐकत बसलो. नंतर एकेक वस्तू चालू करत गेलो. फ्रीजचं काही नाही. पंख्याचं काही नाही. हॉलमधली एलईडी ट्यूब लावली की आवाज तुटायला लागला. वायफायच्या डब्याचा अडॅप्टर लावला की पूर्ण बंद. मोबाइलच्या दोन चार्जरपैकी एक चांगला निघाला आणि दुसरा, रस्त्यावरून घेतलेला स्वस्तातला, तो तर दुसऱ्या खोलीत असला तरी रेडिओ गप्प करायचा. या सगळ्यांच्या आत एक सर्किट असतं जे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं, चांगल्या कंपनीचा माल असेल तर त्याचा कचरा आतच गाळला जातो, स्वस्त मालात गाळणीच नसते आणि तो सगळा कचरा थेट मीडियम वेव्हवर सांडतो. माझ्या घरातलं मी बंद करू शकतो, पण शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरचं काय करणार, लिफ्टचं काय करणार. भिंती सिमेंटच्या आणि आत लोखंड, त्यातून सिग्नल आधीच निम्मा होऊन येतो.

बरं हा कचरा जुन्या रेडिओलाही त्रास देतोच, पण तिथे काय होतं, खरखर वाढते, आपला कान त्यातून शब्द वेचून घेतो, बातमी कळते. डिजिटलला सिग्नल किती मोठा आहे यापेक्षा कचऱ्यापेक्षा किती वर आहे हे लागतं, ते अंतर एका मर्यादेच्या वर असलं की आवाज शंभर टक्के आणि त्याच्या जरा खाली गेलं की शून्य. मधलं काही नाही. म्हणून त्या पडद्यावर दांड्या भरलेल्या दिसत होत्या आणि आवाज येत नव्हता, कारण दांड्यांत कचराही मोजला जात होता. आणि एकाच ट्रान्समीटरवरून ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही शेजारी शेजारी सोडलं की डिजिटलच्या वाट्याला ताकद कमी येते, हेही आहे.

त्या दिवाळीत सेट गावी घेऊन गेलो. गाव खटाव तालुक्यात, वस्तीवर घर, जवळ कुठली इमारत नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या घरात आहेत, त्यांची सकाळ अजून रेडिओवरच सुरू होते, प्रादेशिक बातम्या झाल्याशिवाय गोठ्यात जात नाहीत. अंगणात बाजेवर सेट ठेवला आणि लगेच लागला, दिवसभर एकदाही तुटला नाही. सनई लागली होती, अण्णा ऐकत राहिले, म्हणाले ह्यो आवाज मी कधी ऐकलाच न्हवता. मला इतकं बरं वाटलं. मग त्यांनी आपला जुना सेटही शेजारी लावला, आणि त्यांच्या लक्षात आलं की नवा मागं पडतोय, काही सेकंद उशिरा बोलतोय. ते बरोबरच होतं, डिजिटलमध्ये आवाज तुकडे करून, विखरून पाठवतात, सेट ते गोळा करून जुळवतो आणि मग वाजवतो, त्याला वेळ लागणारच. पण अण्णा पन्नास वर्षं रेडिओच्या टोल्यांवर घड्याळ लावतायत. त्यांना हे पटेना.

आणि रात्री साडेनवाला तोच सेट गप्प झाला. सूर्य बुडाला की मीडियम वेव्ह आकाशातून परत खाली येते, लांबची स्टेशनं येऊन एकमेकांवर बसतात, पुण्याचा स्वतःचाच सिग्नल दोन वाटांनी येऊन एकमेकांशी भांडतो. जुना सेट वरखाली होत का होईना बोलत होता. अण्णा म्हणाले, "काय रं, ह्ये तर नुसतं तोंड मिटून बसलंय. त्ये जुनं खरखर करतंय, पर बोलतंय तरी."

त्यांच्या त्या एका वाक्याला आजपर्यंत मला उत्तर सापडलेलं नाही.

तरीही मी डिजिटलच्या बाजूचाच आहे, हे ठामपणे लिहितो. त्याच दिवाळीत परत येताना मेहुण्याच्या गाडीत डीआरएम होता, तो लावून साताऱ्याहून पुण्यापर्यंत आलो. गाडीला चांगली एरियल असते, रस्त्यावर घरातला कचरा नसतो, आणि मीडियम वेव्ह डोंगराला एफएमसारखी घाबरत नाही. खंबाटकीच्या बोगद्यात गेला तेवढाच, बाहेर पडल्यावर थोड्या वेळात परत आला, आणि पुढे कात्रजच्या बोगद्यापर्यंत एक शब्द तुटला नाही. एफएमवर हा प्रवास केला तर दर वीस-तीस किलोमीटरला स्टेशन शोधत बसावं लागतं. म्हणजे हे तंत्र चालतं, मी माझ्या कानांनी ऐकलंय. फक्त ते जिथे चालतं तिथे लोकांना माहीत नाही, आणि ज्या अण्णांसारख्या लोकांना रेडिओची खरी गरज आहे त्यांच्या हातात द्यायला परवडणारा सेट नाही. अण्णांचा जुना सेट दोन सेलवर महिनाभर चालतो. माझा डिजिटल सेट एका दिवसात बॅटरी खाऊन बसला, कारण आत एक छोटा कॉम्प्युटरच सतत गणितं करत असतो. बाजारात ना माल, ना दुरुस्तीवाला, ना दुकानात लावून दाखवणारा कुणी.

लोक शंका घेतात त्याला आणखी एक कारण आहे. २००० नंतर वर्ल्डस्पेसचा सॅटेलाइट रेडिओ आला होता, आठवतो का? मित्राच्या घरी होता, गच्चीवर छोटी एरियल आग्नेयेकडे तोंड करून लावलेली, मी खास गंधर्व चॅनल ऐकायला जायचो, तासन्‌तास शास्त्रीय संगीत, मराठीसाठी सुरभी होतं. काय दिवस होते ते. २००८ मध्ये अमेरिकेत कंपनीचं दिवाळं निघालं आणि २००९ च्या ३१ डिसेंबरला भारतातली सेवा बंद झाली, त्या रेडिओवर दुसरं काहीच लागत नसल्यामुळे लोकांकडे नुसते डबे उरले. तो अनुभव ज्याने घेतलाय किंवा जवळून पाहिलाय तो माणूस पुन्हा महागडा रेडिओ घेताना विचारणारच, की हे किती वर्षं चालेल? आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला मागासलेला म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय चॅनल एफएमवरून काढून डॅब या दुसऱ्या डिजिटल पद्धतीवर नेले, त्यावरून तिथेही लोक खूप चिडले, विशेषतः जुन्या गाड्यांवाले. पण तिथे निदान दुकानात सेट मिळत होते, आधी कित्येक वर्षं तारीख सांगून ठेवली होती. आपल्याकडे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१८ मध्ये डिजिटल रेडिओबद्दल शिफारशी केल्या, मग २०२४ ला पुन्हा सगळ्यांची मतं मागवली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये खासगी एफएमसाठी नव्या शिफारशी आल्या, तेरा शहरं, त्यात मुंबई पुणे नागपूर, एकाच फ्रिक्वेन्सीवर जुनं ॲनालॉगही चालू ठेवायचं आणि डिजिटलही द्यायचं. हे दोन्ही एकत्र ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पण ही शहरांची गोष्ट झाली, एफएमची. दरम्यान मीडियम वेव्हचे कितीतरी जुने ट्रान्समीटर देशभर बंद होत गेले, आणि खेड्यापाड्यातला माणूस त्यांच्यावरच होता. मोबाइलवर ऐका म्हणतात, पण २०१९ च्या पुरात सांगली कोल्हापूरकडे वीज गेली, कितीतरी ठिकाणी मोबाइल बंद पडले, तेव्हा काय ऐकायचं? मोबाइलमधला साधा एफएम चालू ठेवा म्हणून २०२३ मध्ये केंद्र सरकारला कंपन्यांना वेगळी सूचना काढावी लागली, यावरूनच कळतं.

माझं मागणं एवढंच आहे की दीड-दोन हजारात, सेलवर आठवडाभर चालणारा डिजिटल सेट बाजारात येईपर्यंत ॲनालॉगला हात लावू नये. चिप आहेत, आपल्याकडचे हुशार लोक त्यावर काम करतायत, ते येईल याची मला खात्री आहे, आधी ते येऊ द्या.

गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला, जुन्या सेटचं बटण सैल झालंय, वडूजला रेडिओवाला राहिला नाही, आता तिकडं सातारला घेऊन जा म्हणाले. मी विचारलं, अण्णा, नवा ठेवून जाऊ का तुमच्याकडे, दिवसा तर चांगला लागतो. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "रात्री लागाय लागला की आण."

तर आता रात्रीचं बघतोय. गावी चिंचेला लांब तारेची एरियल बांधून आणि खाली चांगली अर्थिंग पुरून करून बघणार आहे. तुमच्यापैकी कुणी सोलापूर, नगर, सांगलीकडे पुण्याचं डिजिटल लावून पाहिलं असेल, गाडीत असो की घरात, तर खाली नक्की लिहा, किती वाजता, कुठे, आणि जवळ एलईडी चालू होती की बंद, तेवढं आठवणीने.