गिझरमधले शिंपले

शॉवरची धार करंगळीएवढी झालीय आणि गिझर कुकरसारखा खडखडतोय, असा फोन आला म्हणून मांद्र्याला गेलो. किनाऱ्याजवळचं जुनं घर, वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या दोन खोल्या. पाणी बोअरवेलचं.

आमच्या गोव्यातल्या पेडण्यात प्लंबरला जास्त करून तांबडे डाग भेटतात. जांभ्यातून येणाऱ्या पाण्यातल्या लोहाचे. इथे नळांच्या तोंडावर पांढरी मिशी होती. मेन स्विच बंद केला, टाकीतलं पाणी सोडलं आणि गिझरची कॉइल बाहेर काढली. तिच्यावर बोटभर जाड थर! खालून पांढऱ्या खपल्या बादलीत पडल्या, अगदी फुटक्या शिंपल्यांसारख्या. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं, त्याचं कार्बोनेट होतं आणि सगळ्यात गरम जागी जाऊन बसतं. म्हणजे कॉइलवरच. मग कॉइल आधी तो थर तापवते, पाणी नंतर. कॉइल लवकर जळते ती अशी.

मी बाहेर गच्चीवर खपल्या खरवडत होतो. तेवढ्यात बाथरूममधून खोकला ऐकू आला. साफसफाईच्या मावशींनी सकाळी फरशीवर ब्लीच टाकलं होतं. पांढऱ्या डागांना ते काय करणार! म्हणून त्यांनी वरून संडासाचं अ‍ॅसिड ओतलं. नाकात तिखट वास घुसला तसा मी ओरडलो, "मावशी, बाहेर या! काही उचलू नका!" हाताला धरून त्यांना गच्चीवर आणलं, खोलीची दारं-खिडक्या सताड उघडली आणि पुन्हा आत पाऊल टाकलं नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये जीव घेऊ शकतो. मावशींचे डोळे लाल, छातीत घरघर. घरमालकांनी गाडी काढून त्यांना डॉक्टरकडे नेलं. माझे हात मात्र तासभर थरथरत होते.

संध्याकाळी मावशी परतल्या, चहाही केला. वास पार गेला होता. मी शॉवरचं डोकं व्हिनेगरच्या पिशवीत बुडवून ठेवलं होतं. कॉइल लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात. एक खपली बशीत ठेवून वर व्हिनेगरचे थेंब टाकले, तर ती सोड्यासारखी फसफसली. मावशी वाकून बघत राहिल्या.

"मग वॉशबेसिनच्या कट्ट्यावर पण हेच लावू?"

नाही म्हणून सांगितलं. कट्टा संगमरवरी. खपली, संगमरवर, किनाऱ्यावरचे शिंपले, सगळी एकाच जातीची. जे खपलीला खातं ते कट्ट्यालाही खातं, चकाकी जाते ती पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही. तिथे रोज कोरडं फडकं फिरवायचं. पाणी सुकूच दिलं नाही तर डाग कुठून पडेल? गिझरचा काटा मी 70 वरून 55 वर आणला, कमी तापलं की थरही कमी धरतो. मालकांना सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम काढून घेणारं यंत्र, बसवायला सांगितलं. ते "बघूया" म्हणाले. गोव्यातलं "बघूया" म्हणजे काय, ते सांगायला नको.

मावशींचा एक प्रश्न राहिला होता. "परसात ती आंबट फळं, बिंबलं, ढीगभर लागलीत रे. तांब्याचा हंडा त्यानेच घासते मी. नळाला चालतील?"

"नळाला चालतील, धुऊन टाका लगेच. कट्ट्याला नको. आणि ब्लीचची बाटली कुठे आहे, ती आधी दाखवा."