तव्यावरचा पोरगा

मालवणात मे महिन्याचा सीझन म्हणजे दुपारी बारानंतर तवा रिकामा म्हणून होत नाही. आज ऐन गर्दीत आमचा तव्यावरचा पोरगा थांबला. रव्यात घोळवलेली सुरमईची तुकडी हातात, समोर ऑर्डरच्या चिठ्ठ्या लटकलेल्या आणि हा नुसता बघत उभा. "काय झाला रे?" "काय नाय दादा, डोक्याच चलना नाय." हात थरथरत होते. तवा दुसऱ्याकडे दिला, त्याला मागच्या पडवीत बसवलं.

सीझन लागल्यापासून त्याला सुट्टी नाही. जेवण चार वाजता, तेही उभ्यानं. कुणीतरी 'नाटकं' म्हणालं, तेव्हा डोकंच फिरलं माझं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, बर्नआउट, म्हणजे माणूस आतून पार थकून जाणं, कामाच्या सततच्या ताणातून येतो. पोरगा कामचुकार नाही हो, तो संपत चाललाय!

कायद्यात ठरवलेल्या संख्येइतकी किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे आठवड्याची सुट्टी कायद्यानं हक्काची आहे, सीझनमध्येसुद्धा. मालकांशी बोललो. माणूस कमी पडला तर मेनू छोटा करू, असं ठरलं.

किचनमधल्या मित्रांनो, झोप उडाली असेल, नको नको ते विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर आमच्या फ्रीजवर चिकटवलाय.