थंड पडलेलं डब्ल्यूपी इंजिन पेटवताना : माझा अनुभव

रेवाडीच्या शेडमधलं ‘अकबर’ हे 1965 साली चित्तरंजनला बांधलेलं डब्ल्यूपी वर्गाचं, म्हणजे ब्रॉडगेजवर प्रवासी गाड्या ओढणारं, वाफेचं इंजिन. असं इंजिन बऱ्याच दिवसांनी वाफेवर आणायचं तर आगीच्या आधी आम्ही पाणी बघतो. बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला 210 पौंड, म्हणजे आतलं पाणी सुमारे 200 अंश सेल्सिअसला जातं आणि तोवर साधारण 15 टक्के फुगतं. त्यामुळे गेजची काच (बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी नळी) पाऊण भरून आग लावायची नाही. पाणी काचेत दिसावं, पण अर्ध्याच्या खाली. उरलेलं आपसूक वर चढतं.

त्याआधी वॉशआउट, म्हणजे बॉयलर आतून धुणं. सगळे प्लग आणि मड-होलची झाकणं काढायची आणि जोराच्या फवाऱ्याने वरून खाली धुवायचं. फायरबॉक्सभोवती (जिथे आग जळते ती पेटी) पाण्याची जी अरुंद पोकळी असते तिच्या तळाशी, फाउंडेशन रिंगवर, गाळ दगडासारखा बसतो. तिथे सळईच घालावी लागते. तो तसाच राहिला तर त्या जागी पत्रा जास्त तापतो आणि स्टे-बोल्ट (पोकळीच्या दोन्ही बाजूंचे पत्रे एकमेकांना बांधून ठेवणारे बोल्ट) गळू लागतात. बोल्टच्या टोकाला मुद्दाम पाडलेलं बारीक भोक असतं. त्यातून पाणी झिरपलं की बोल्ट आतून तुटला आहे असं समजायचं.

मग फायरबॉक्समध्ये शिरून छत, आगीचा धूर पुढे नेणाऱ्या नळ्यांची टोकं, विटांची कमान आणि छतातला शिशाचा प्लग तपासतो. शिसं 327 अंशांना वितळतं. छतावरचं पाणी आटलं तर हा प्लग वितळतो आणि वाफ आगीवर येते. हा शेवटचा इशारा; प्लग आहे म्हणून काचेकडे दुर्लक्ष चालत नाही. स्मोकबॉक्समधली (इंजिनच्या पुढच्या टोकाची धुराची पेटी) राख काढून दाराच्या कडा घट्ट बसतात का तेही बघायचं. तिथून हवा शिरली की ओढ जाते आणि आग मरगळते.

रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद, रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा) मध्यावर, सिलिंडर कॉक (सिलिंडरमधलं पाणी बाहेर सोडणारे) उघडे, हँडब्रेक लावलेला, चाकांना पाचर, आणि बॉयलरवरचा व्हेंट (आतली हवा बाहेर जाण्याची वाट) उघडा. आता तेलाच्या चिंध्या, लाकडं आणि शेगडीवर कोळशाचा पातळ थर. कोळसा मुठीएवढ्या तुकड्यांचा हवा. चुरा शेगडीतून गळतो नाहीतर उडून जातो, आणि जास्त राखेचा कोळसा क्लिंकर (वितळून घट्ट झालेल्या राखेचे खडे) धरतो.

यापुढे सगळा खेळ धीराचा. बाहेरून कम्प्रेसरची हवा ब्लोअरला (चिमणीतून ओढ वाढवणाऱ्या झोताला) जोडून वाफ लवकर काढता येते, पण थंड बॉयलरवर हे करणं मला शुद्ध नासधूस वाटते. वरचं पाणी उकळायला आलेलं असतं आणि तळचं अजून गार. अभिसरण सुरूच झालेलं नसतं. एकच पत्रा वर ताणला जातो, खाली नाही, आणि नळ्यांची टोकं सुटतात. गार अवस्थेपासून पूर्ण दाबापर्यंत बॉयलर दर मीटरला सुमारे 2 मिलिमीटर लांबतो. पुढचं टोक सिलिंडरच्या सॅडलला (बैठकीला) बांधलेलं, म्हणून सगळी वाढ मागे सरकते. फायरबॉक्सखालचे सरकते आधार कोरडे असतील तर तो ताण फ्रेमवर येतो. तेव्हा त्यांना आधीच वंगण. मंद आग, रात्रभर. फार दिवस बंद असेल तर त्याहून जास्त.

व्हेंटमधून सलग वाफ येऊ लागली की तो बंद करायचा. काही पौंड दाब आला की गळती बघायची. वॉशआउट प्लग पाझरत असेल तर दाबाखाली तो कधीच आवळायचा नाही. आग पाडून, दाब उतरवूनच. वाफ पुरेशी झाली की ब्लोअर इंजिनच्याच वाफेवर चालतो. मग गेजच्या दोन्ही काचा एकेक करून ब्लो करतो, म्हणजे वाफ-पाणी सोडून त्यांच्या वाटा मोकळ्या करतो. काचेची खालची वाट गाळाने तुंबली तर पाणी स्थिर दिसतं, आणि ते खोटं असतं. दोन्ही इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी भरणारी उपकरणं) पाणी उचलतात याची खात्री होईपर्यंत आग वाढवत नाही.

210 पौंडांच्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्ह उडाले की पाचर काढून इंजिन हळूच काही फूट पुढे-मागे घ्यायचं, कॉक उघडेच ठेवून. गार सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं आणि पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळला तर सिलिंडरचं झाकण फुटतं. कॉकमधून कोरडी वाफ आली की ते बंद करून गाडी जोडायला जावं.