जुन्या गोव्यातली दुसरी खिडकी

पावसाळा सरला की मुरगाव बंदराला प्रवासी जहाजे लागू लागतात आणि आम्हा पर्यटक मार्गदर्शकांचे दिवस घड्याळाला बांधले जातात. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या सात-आठ तासांत प्रवाशांना गोवा दाखवायचा असतो. जहाज कंपनीच्या सहलींना मोठ्या बसगाड्या असतात, त्यांच्या पुढे क्रमांकाची पाटी उंच धरलेला मार्गदर्शक असतो, आणि अशी बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबते. खासगी सहल घेऊन बाहेर पडलेल्या प्रवाशांना मात्र ही सवलत नसते. ठरलेल्या वेळेला ते शिडीपाशी नसतील तर जहाज निघून जाते आणि पुढचे बंदर त्यांनी स्वतःच्या खर्चाने गाठायचे असते. त्यामुळे खासगी पाहुणे भेटले की माझा पहिला प्रश्न जहाजावरचे घड्याळ आणि आपले घड्याळ एकच वेळ दाखवते आहे ना, हा असतो, आणि परतीसाठी एक तास तरी राखून ठेवल्याशिवाय मी कार्यक्रम आखत नाही.

त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे सत्तरीच्या आसपासचे एक जोडपे होते. जहाज रात्रीत मुंबईहून आले होते आणि व्हिसाची मुख्य तपासणी तिथेच झालेली असल्याने दोघे सव्वाआठलाच फाटकाबाहेर आले. पती जर्मन होते, गुडघ्याला पट्टा बांधलेला आणि हातात काठी. पत्नी जर्मनीत स्थायिक झालेली असली तरी तिबिलिसीत वाढलेली, म्हणजे जॉर्जियाची होती. एजन्सीने पाठवलेल्या कागदावर नेहमीची यादी होती: बोम जेझुसची बासिलिका, से कॅथेड्रल, सेंट ऑगस्टीनचे भग्नावशेष, एक हिंदू देऊळ, जेवण, थोडी खरेदी. गाडीत बसल्यावर बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, ‘मला ऑगस्टीनच्या मठातली दुसरी खिडकी पाहायची आहे. बाकी तुम्ही ठरवा.’

हे ऐकून मी मनातल्या मनात सावरून बसले. ऑगस्टीनच्या टेकडीवर नेलेले बहुतेक पाहुणे मनोऱ्याचा फोटो काढतात, ऊन लागते म्हणतात आणि गाडीकडे वळतात. खिडकीचा क्रमांक सांगणारा माणूस तयारीने आलेला असतो, आणि अशा माणसापुढे पाठ केलेली माहिती चालत नाही.

वास्को सोडून आम्ही कुठ्ठाळीला आलो आणि झुआरीच्या नव्या पुलावर चढलो. इथे मी नेहमी सांगते ते त्यांनाही सांगितले: आज प्रियोळला असलेला मंगेश मूळचा या कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा 1560 च्या सुमारास भक्तांनी रातोरात तो नदीपलीकडे, पोर्तुगिजांची सत्ता नसलेल्या मुलखात नेला. पुढे गोवा वेल्हा लागले. हे कदंब राजांचे गोपकपट्टण. एके काळी अरबस्तानापर्यंत व्यापार करणारे हे बंदर आता शोधावे लागते. बाई खिडकीबाहेर पाहत शांतपणे ऐकत होत्या. पिलारवरून वळताना त्यांनी विचारले, ‘म्हणजे इथे देवांनाही निर्वासित व्हावे लागले?’ मी हो म्हणाले.

ऑगस्टीनच्या टेकडीवर आम्ही सव्वानऊला पोहोचलो. बसगाड्या आधी बासिलिकेकडे जातात, त्यामुळे त्या वेळी टेकडीवर पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी आणि आम्हीच होतो. ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाचे संन्यासी गोव्यात 1572 मध्ये आले आणि त्यांचे हे भव्य चर्च 1602 मध्ये पुरे झाले. पोर्तुगीज सरकारने 1835 मध्ये धार्मिक संघांवर बंदी घातल्यावर मठ ओस पडला, 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले, आणि 1931 मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा हिस्सा खाली आला. आज उभा आहे तो सुमारे 46 मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा एकच मनोरा. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. खाली जमिनीवर नक्षीदार थडग्यांच्या शिळा आहेत आणि काही भिंतींवर निळ्या-पिवळ्या चिनीमातीच्या फरशा अजून चिकटून आहेत. गुडघ्यामुळे नवरा एका चौथऱ्यावर बसला, आणि आम्ही दोघी मठाच्या भागात शिरलो.

बाई त्या खिडकीपाशी आल्या होत्या त्या एका राणीसाठी. ती राणी म्हणजे केतेवान. काखेती या जॉर्जियन राज्याची ही विधवा राणी, तिचा मुलगा तैमुराज तिथला राजा. इराणच्या शाह अब्बासाचे आक्रमण टाळण्यासाठी ती स्वतः बोलणी करायला गेली आणि ओलीस म्हणून इराणमधल्या शिराझ शहरात अडकली. तिने धर्म बदलावा असा आग्रह झाला, तिने नकार दिला, आणि 1624 मध्ये तापवलेल्या सांडशींनी छळ करून तिला मारण्यात आले. शिराझमध्ये त्या वेळी ऑगस्टिनियन संन्यासी होते. त्यांनी तिचे अवशेष गुप्तपणे मिळवले, काही तिच्या मुलाकडे पोहोचवले आणि हाताचा भाग गोव्यातल्या आपल्या मठात आणला. जुन्या पोर्तुगीज नोंदीनुसार तो काळ्या दगडाच्या पेटीत, संन्याशांच्या सभागृहाला लागून असलेल्या चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीत ठेवला होता, आणि ती खिडकी ‘पत्रांच्या बाजूची’ होती.

या बाजूचा उलगडा जागेवर उभे राहूनच नीट होतो. वेदीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताची बाजू ती पत्रांची, कारण जुन्या उपासनेत बायबलमधली प्रेषितांची पत्रे त्या बाजूने वाचली जात, आणि डावी बाजू शुभवर्तमानाची. पण छत नाही, वेदी नाही, भिंती पडलेल्या, ढिगारा कित्येक फूट उंच. अशा ठिकाणी वेदी कुठे होती तेच आधी ठरवावे लागते. सोव्हिएत काळाच्या अखेरीपासून जॉर्जियाची पथके इथे येऊन शोध घेत होती. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात सभागृह आणि चॅपेल निश्चित झाल्यावर 2004 च्या सुमारास हाताचे लांब हाड हाती लागले. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्याच्या डीएनएची तपासणी केली. आईकडून येणारा जो वंशगट त्यात आढळला तो हजारो भारतीय नमुन्यांत कुठेच नव्हता. जॉर्जियातल्या थोड्याशा नमुन्यांत मात्र तो सापडला. जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला समारंभपूर्वक भेट दिला.

बाईंना हे सगळे माहीत होते. त्यांना वेदीची दिशा हवी होती. मी त्यांना चॅपेलच्या मध्यभागी उभे केले आणि तोंड योग्य दिशेला करून दिले. त्यांनी उजवा हात लांब केला, मनाशी पहिली मोजली, दुसरी मोजली आणि तिथे चालत गेल्या. पर्समधून मेणाची बोटभर जाडीची पिवळसर मेणबत्ती काढून त्यांनी माझ्याकडे पाहिले. संरक्षित स्मारकात काहीही पेटवता येत नाही, हे मला सांगावे लागले. पहारेकरी दुरून पाहतच होता. त्याने जवळ येऊन सांगितले की या देशाचे लोक येतात तेव्हा न पेटवलेली मेणबत्ती हातात धरून उभे राहतात, त्याला खात्याची हरकत नसते. इतक्या वेळा इथे येऊनही मला ही रीत माहीत नव्हती. बाई त्याप्रमाणे उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ काही म्हणत राहिल्या. मी मागे सरले. अशा वेळी मार्गदर्शकाने तोंड बंद ठेवणे हेच त्याचे काम असते, आणि आमच्या व्यवसायात ते फार थोड्यांना जमते.

साडेदहा वाजून गेले तरी त्या हलेनात. नवरा काठी टेकत आला आणि डीएनए तपासणीला हाडाचा किती तुकडा लागतो, अवशेषांचा एकच भाग का दिला, असे नेमके प्रश्न विचारू लागला. मग बाई वळल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या राणीला या संन्याशांनी सांभाळले. आणि सकाळी तुम्ही सांगितलेत की त्यांच्याच लोकांनी तुमची देवळे पाडली. तुम्ही पाहुण्यांना यातले कुठले सांगता?’

हा प्रश्न आडून येतो, इतका सरळ क्वचित. काही पाहुण्यांना पोर्तुगीज वैभव हवे असते, काहींना फक्त अत्याचार ऐकायचे असतात, आणि बक्षिशीवर डोळा ठेवणारे मार्गदर्शक माणूस बघून कथा बदलतात. मला ते पटत नाही. मी त्यांना सांगितले की तिसवाडी बेटांवरची, म्हणजे या जुन्या गोव्याच्या परिसरातली देवळे 1540 च्या सुमारास राजसत्तेच्या हुकमाने पाडली गेली, तेव्हा ऑगस्टिनियन गोव्यात आलेही नव्हते. पण ते ज्या सत्तेच्या आश्रयाने इथे राहिले ती हीच सत्ता होती. मग म्हणाले, ‘वेळ आहे. हवे तर बासिलिका सोडून तुम्हाला एक देऊळ दाखवते, ज्याची जुनी जागा आणि नवी जागा एकाच वाटेवर आहेत.’ नवऱ्याने घड्याळाकडे पाहिले, बाईंनी नवऱ्याकडे पाहिले, आणि ठरले.

चालकाला मात्र हे रुचले नाही. ‘बाय, साडेचारला जहाजावर सगळे हवेत,’ तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘फेरी चुकली तर काय?’ त्याचे बरोबर होते. मी हिशेब मांडला: जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे, आणि परत येताना फेरीच्या नादी न लागता मये-म्हापसा-पणजी असा सडकेचा मार्ग. दीडच्या आत नार्वे सोडले तर उशिरातल्या उशिरा चारला बंदर गाठता येईल. त्याने मान डोलावली आणि वाटेत केळी घेऊन ठेवली, कारण जेवणाचा वेळ यात कुठेच नव्हता.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचे दैवत. त्यांच्या नाण्यांवर आणि ताम्रपटांत राजे स्वतःला या देवाच्या वराने अनुग्रहित म्हणवून घेत. दिवाडी बेटावरचे त्याचे देऊळ आधी बहमनी काळात उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, आणि पोर्तुगिजांनी ते 1540 च्या सुमारास पाडले. लिंग विहिरीवर पाणी शेंदण्याच्या कामी लावले होते, तिथून भक्तांनी ते सोडवून नदीपार नेले, असे सांगितले जाते. दिवाडीच्या जुन्या जागेवर आम्ही फार थांबलो नाही. जांभ्यात बांधलेले तळे आणि भोवतालची झाडी पाहून बाईंनी एवढेच विचारले की इथे कुणी येते का. फारसे कुणी येत नाही.

नार्व्याचे देऊळ झाडांच्या दाटीत, सखल जागी आहे. समोर दीपस्तंभ, उतरते कौलारू छप्पर आणि वर बसका घुमट, अशी ती साधी वास्तू राज्य शासनाने डागडुजी करून 2023 मध्ये पुन्हा खुली केली. शिवाजी महाराजांनी डिचोलीच्या या मुलखात आल्यावर 1668 मध्ये तिचा जीर्णोद्धार करवला. दाराच्या वर शके 1590 चा शिलालेख आहे आणि त्यात राजाच्या आज्ञेने देवालयाला प्रारंभ झाल्याचे म्हटले आहे. मी तो ओळीने वाचून दाखवला. नैवेद्याची वेळ झालेली होती, म्हणून आम्ही सभामंडपातच बसलो. गाभाऱ्यातले लिंग नेहमीसारखे गुळगुळीत गोल नसून धारा पाडलेले आहे, हे बाईंनी बसल्या जागेवरून टिपले. पुजाऱ्यांनी प्रसाद दिला तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. विहिरीवरची गोष्ट त्यांना पुन्हा ऐकायची होती. ती ऐकून म्हणाल्या की राणीचा हातही कुणीतरी असाच लपवत, रात्रीचा वाहून नेला असणार, आणि त्या माणसांची नावे कुठल्याच कागदावर नसतील. शिराझच्या संन्याशांची नावे नोंदींत आहेत, हे नवऱ्याने दुरुस्त केले. नार्व्याच्या बाबतीत त्याला दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.

दीडला दहा मिनिटे कमी असताना आम्ही निघालो. पर्वरीच्या उतारावर वाहतूक तुंबली तेव्हा गाडीत कुणीच बोलेना, आणि चालक दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होता. पण झुआरी पूल मोकळा मिळाला आणि पावणेचारला आम्ही बंदराच्या फाटकाशी होतो. चालकाने त्या दिवशी पहिल्यांदा हसून दार उघडले.

दोन दिवसांनी एजन्सीचा फोन आला. पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या पत्रकात ‘बासिलिका’ आणि ‘खरेदी’ यांपुढे ‘पाहिले नाही’ असे लिहून आले होते, आणि करारातले थांबे का वगळले याचा लेखी खुलासा त्यांना हवा होता. मी घडले तसे लिहून पाठवले आणि शेवटी विचारले की पाहुण्यांची तक्रार आहे का. तक्रार नव्हती, उलट बाईंनी शेरा लिहिला होता की दिवाडी-नार्वे हा मार्ग यादीत असायला हवा आणि त्यासाठी निदान सहा तास धरायला हवेत. एजन्सीने माझे पैसे पूर्ण दिले, पण यादी बदललेली नाही. जहाजाच्या दिवसात फेरीबोटीवर भरवसा ठेवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते खोडून काढणे मला कठीण आहे. म्हणून आता पाहुण्यांचा तपशील आला की मी आधी जहाज सुटण्याची वेळ आणि त्यांना किती चालवते ते पाहते, आणि सहा तास निघत असतील तर नार्व्याबद्दल त्यांना आदल्या दिवशीच स्वतः कळवते.