कचऱ्याचा काटा कुठे लावायचा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या कारखान्यात विचारा, की तुमचा किती टक्के कचरा रिसायकल होतो. उत्तर बहुधा भंगाराच्या बिलांवरून काढलेलं असतं: वर्षभरात विकलेलं भंगार भागिले वर्षभराचा एकूण कचरा. भागाकार बरोबर असतो, पण वरचा आणि खालचा आकडा नेमका कुठे मोजला हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. गेटवरच्या काट्यावर जे चढलं ते फक्त पाठवलेलं वजन. त्यातलं किती पुन्हा माल झालं, हे पुढच्या कारखान्याच्या भट्टीच्या किंवा एक्स्ट्रूडरच्या (प्लास्टिक वितळवून साच्यातून दाबून काढणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशीच कळतं.

हा हिशेब आता प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या रिटर्नपुरता राहिलेला नाही. शेअर बाजाराची नियामक सेबी हिचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा झाला. त्यात कचरा प्रकारवार मेट्रिक टनात द्यावा लागतो: किती तयार झाला, किती रिसायकल, किती पुनर्वापर, किती इतर मार्गाने रिकव्हर, किती जाळला, किती पुरला. मोठ्या कंपन्या हेच आकडे मग आपल्या छोट्या पुरवठादारांकडे मागतात, आणि वीस-पंचवीस माणसांच्या मशीन शॉपलाही उत्तर द्यावं लागतं.

सुरुवात काट्यापासून. ६० टनी वे-ब्रिजचा सर्वांत लहान आकडा बहुतेकदा ५ किंवा १० किलोचा असतो. छोटा हाथीतून (लहान टेम्पोतून) अडीचशे किलो कार्टन जात असतील, तर १० किलोची एक पायरी म्हणजेच ४ टक्के. भरलेली आणि रिकामी अशी दोन वजनं घेतली की ही चूक दोन्हीकडून येते. म्हणून एक टनाच्या आतला माल ५०० किलोच्या प्लॅटफॉर्म काट्यावर गठ्ठ्यागठ्ठ्याने तोलावा. त्यावर १०० ग्रॅमपर्यंत वाचता येतं. गाडीचं रिकामं वजन दर फेरीला घ्यावं, आरसी बुकातलं लिहू नये. डिझेल, स्टेपनी, ताडपत्रीवर साचलेलं पाणी, उतरलेला क्लीनर, सगळं त्यात येतं. तोलमाप खात्याचा वार्षिक शिक्का तर हवाच, पण रोज सकाळी २० किलोचं वजन प्लॅटफॉर्मच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कोपऱ्यागणिक आकडा बदलला तर काट्याखालचा वजन टिपणारा एखादा लोडसेल गेलाय, नाहीतर पाया बसलाय. तो दुरुस्त होईपर्यंतच्या नोंदींवर खूण करून ठेवायची.

काट्यापेक्षाही मोठा घोटाळा पाण्याचा. ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा गाळ घ्या. फिल्टर प्रेसमधून १० टन केक (दाबून पाणी काढलेला गाळ) निघाला आणि त्यात ७५ टक्के पाणी आहे, म्हणजे कोरडा पदार्थ अडीच टन. तोच केक ड्रायरमध्ये ४० टक्के पाण्यापर्यंत आणला की वजन उरतं सुमारे ४.१७ टन. कागदावर कचरा ५८ टक्क्यांनी घटला, प्रत्यक्षात गाळाचा एक कणही कमी झाला नाही. वाहतूक आणि विल्हेवाटीचा खर्च वाचतो हे खरं आणि चांगलंच आहे, पण ती कचऱ्यातली घट म्हणून दाखवणं चूक आहे. ओलं वजन आणि कोरडं वजन असे दोन रकाने असले की हा प्रश्नच उरत नाही.

पाण्याचं प्रमाण काढायची पद्धत सोपी आहे, पण ती सगळ्याच मालाला चालत नाही. ढिगाच्या पाच ठिकाणांहून, वरच्या वाळलेल्या थराखालून, मिळून किलोभर नमुना घ्यायचा आणि लगेच पिशवीत घट्ट बांधायचा. त्यातला थोडा भाग १०५ अंश सेल्सियसला ओव्हनमध्ये ठेवून वजन स्थिर होईपर्यंत तोलत राहायचं. गाळात सॉल्व्हंट असेल तर हे अजिबात करू नये: वाफ पेट घेऊ शकते, आणि उडालेलं सॉल्व्हंट पाणी म्हणून मोजलं जातं. तिथे फक्त पाणीच मोजणारी कार्ल फिशर ही रासायनिक पद्धतच हवी. सल्फ्युरिक आम्ल चुन्याने मारलेलं असेल तर गाळ मुख्यतः जिप्सम असतो, आणि १०५ अंशांना जिप्समचं स्फटिकातलं पाणीही सुटायला लागतं. शुद्ध जिप्सममध्ये ते जवळपास २१ टक्के असतं. असा गाळ ४० ते ४५ अंशांवरच वाळवायचा, नाहीतर कोरडं वजन उगाच कमी दिसतं. वडोदऱ्याच्या आसपासच्या डाय-इंटरमीडिएट (रंगांसाठीची मधली रसायनं) बनवणाऱ्या युनिटांमध्ये जिप्समचा गाळ भरपूर निघतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या पुठ्ठ्याची गतही तीच. पेपर मिल ओलाव्याची कपात करते आणि पावतीवर लिहूनही देते. आपल्या रजिस्टरमध्ये कपातीनंतरचं वजन घ्यायला हवं. टर्निंगच्या, म्हणजे लेथवर निघालेल्या धातूच्या किसाला कूलंट (यंत्र थंड ठेवणारा द्रव) चिकटलेलं असतं. तो तिरक्या जाळीवर रात्रभर निथळू द्यावा, मगच तोलावा. निथळलेलं कूलंट वेगळं मोजावं, कारण ते धातूबरोबर भट्टीत जाणार नसतं.

द्रव कचऱ्यात लिटर आणि किलो यांची सरमिसळ होते. वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीतल्या रसायनाच्या युनिटात २०० लिटरचं पिंप म्हणजे २०० किलो असं सर्रास धरलं जातं. पिंपभर मिथेनॉल सुमारे १५८ किलो भरतं, टोल्युइन १७३ किलो, आणि एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) तब्बल २६६ किलो. सॉल्व्हंट डिस्टिल करून परत मिळवताना आत गेलेलं किलोत, बाहेर आलेलं किलोत आणि तळाशी राहिलेला रेसिड्यूही किलोत मोजायचा. तिन्ही जुळले नाहीत तर उरलेलं हवेत गेलंय किंवा व्हॅक्यूम पंपाच्या पाण्यात. ते रिकव्हरीत धरता येत नाही.

आता काय धरायचं आणि काय नाही. प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये रनर आणि स्प्रू, म्हणजे साच्याच्या वाटांमध्ये गोठलेलं जादा प्लास्टिक, ग्राइंडरमधून दळून त्याच हॉपरमध्ये परत जातात. हा माल कधी कचरा झालाच नाही, त्यामुळे तो ना कचऱ्यात धरायचा, ना रिसायकलमध्ये. दोन्हीकडे धरला की टक्का फुगतो, आणि ज्या मशीनवर जास्त रनर पडतो तेच जास्त हिरवं दिसायला लागतं! दुरुस्त करून पुन्हा वापरलेलं लाकडी पॅलेट हा पुनर्वापर. त्याचा भुसा करून बॉयलरमध्ये घातला तर ती ऊर्जेची रिकव्हरी. २०१६ च्या घातक कचरा नियमांनी उतरंड घालून दिलीय: टाळणं, कमी करणं, पुनर्वापर, रिसायकल, मग सिमेंट भट्टीतल्या को-प्रोसेसिंगसह (कचरा तिथे इंधन किंवा कच्चा माल म्हणून वापरण्यासह) इतर रिकव्हरी, आणि शेवटी सुरक्षित विल्हेवाट. को-प्रोसेसिंगला गेलेला गाळ ‘रिसायकल’च्या रकान्यात टाकणं ही मला दिसणारी सगळ्यात सर्रास चूक आहे.

मग काटा कुठे लावायचा? युरोपीय संघाने २०१९ मध्ये महापालिकांच्या कचऱ्यासाठी हे बिंदू ठरवून दिले, आणि कारखान्याच्या कचऱ्यालाही ते नीट लागू पडतात: कागद पल्परमध्ये (लगदा करणाऱ्या यंत्रात) जाताना, धातू भट्टीत जाताना, काच काचेच्या भट्टीत जाताना, प्लास्टिक पेलेट किंवा एक्स्ट्रूजनला जाताना. त्याआधी जे निवडून, धुऊन काढलं ते वजा. समजा, १२ टन स्ट्रेच फिल्म पाठवली. लेबलं, धूळ आणि भलतं प्लास्टिक मिळून २.८ टन निघालं. तर रिसायकल ९.२ टन. खाली भाजक मात्र १२ टनांचाच राहतो.

हा आकडा आपल्याकडे येणार कसा? घातक कचऱ्याला मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा वाहतुकीचा कागद असतो, फॉर्म १०, सात प्रतींचा. त्यातली निळी प्रत माल घेणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे परत येते. आपलं वजन आणि त्याचं वजन शेजारीशेजारी मांडा. काट्याकाट्यात थोडा फरक असायचाच, पण तो कायम एकाच दिशेला असेल तर कारण शोधायलाच हवं. साध्या भंगाराला असा कागद नसतो. तिथे दर तिमाहीला रिसायकलरकडून एकच गोष्ट लेखी मागावी: आलेलं वजन आणि रिजेक्टचं, म्हणजे निवडून बाहेर काढलेल्या मालाचं वजन. मधल्या भंगारवाल्याचं ‘१०० टक्के रिसायकल’ असं प्रमाणपत्र इथे उपयोगाचं नाही, कारण त्याच्या गोदामात दहा कारखान्यांचा माल एकत्र होतो.

वडोदऱ्यातल्या अलकापुरीतली हॉटेलं, शोरूम, ऑफिसं यांच्याकडे काटाच नसतो, डबे मोजतात. पण २४० लिटरचा डबा स्वयंपाकघराच्या कचऱ्याने भरला तर शंभर किलोच्या आसपास जातो, आणि तोच सुट्ट्या खोक्यांनी भरला तर दहा-पंधरा किलोही भरत नाही. त्यामुळे आठवडाभर प्रत्येक प्रकारचे डबे तोलून डब्यामागे सरासरी काढावी आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासावी. आत काय आहे ते पाहायला कचरा ताडपत्रीवर ओतून एकत्र कालवायचा, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. शंभरेक किलो उरला की हाताने निवडून प्रत्येक प्रकार तोलायचा. नवरात्रीच्या किंवा उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) आठवड्यातला नमुना वर्षाला लावू नये.

सगळं जमल्यावर आकडा उलट्या बाजूने तपासावा. बॉयलरमध्ये ८ टक्के राखेचा १०० टन कोळसा जळला तर ८ टन राख, वर थोडा न जळालेला कार्बन. विटभट्टीला १४ टन गेल्याची नोंद असेल तर जादाचा भाग बहुधा राख विझवायला मारलेलं पाणी आहे. प्रेस शॉपमध्ये (पत्रा कापून-दाबून भाग बनवणाऱ्या विभागात) घेतलेला पत्रा वजा तयार मालाचं निव्वळ वजन वजा साठ्यातली वाढ, एवढं ऑफकट (कापून उरलेला पत्रा) निघायलाच हवं. साठा धरायला विसरू नये: घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपर्यंत ठेवता येतो, म्हणजे मार्चअखेर आवारात पडलेला माल दोन वर्षांच्या हिशेबात लोंबकळतो.

ज्याच्या रिजेक्टचा आकडा आलाच नाही, त्या मालाला अंदाजी टक्का लावू नये. ‘पाठवलं, निकाल माहीत नाही’ असा वेगळा रकाना करावा आणि ते वजन रिसायकलच्या बाहेर ठेवावं. घातक कचऱ्याचं वार्षिक रिटर्न, फॉर्म ४, ३० जूनच्या आत भरायचं असतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच रिसायकलरला पत्र गेलं तर तो रकाना तोवर बराच रिकामा झालेला असतो.