पट्टीवर वाढलेलं ऑइल

ट्रकचे ड्रायव्हर मामा, त्यांचं एकच म्हणणं होतं, "मिस्त्री, ऑइल कमी नव्हतं हो. उलट वाढलं होतं."

जानेवारीतली पहाट. आडगावला आमचं गॅरेज आहे. सहाच्या सुमारास टोचन लावून एक सहाचाकी आली. वाशीला कांदा उतरवून, परतीचा माल भरून येताना कसारा घाटात इंजिनात ठोका वाजायला लागला. मामांनी तिथंच गाडी बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा स्टार्टर मारला नाही. रात्रभर थंडीत गाडीपाशी बसून होते.

मागोमाग पिंपळगावहून गाडीमालक आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. शेती सांभाळून तीन गाड्या चालवतात, दोन जुन्या आणि ही एक नव्या प्रदूषण नियमांची, बीएस-सिक्स. उतरल्या उतरल्या म्हणाले, "कोरडं पळवलं याने इंजिन. खर्च याच्या पगारातून कापणार." मामा सतरा वर्षं स्टिअरिंगवर आहेत. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त तेच वाक्य पुन्हा म्हणाले. नाना म्हणाले, "ऑइल कधी वाढतं का रे?"

वाढतं. आणि कमी झालेल्या ऑइलपेक्षा मला वाढलेल्या ऑइलची जास्त भीती वाटते. कमी झालं तर माणूस टॉपअप करतो, चौकशी करतो. वाढलं तर बरं वाटून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, परत खोचतो.

मी डिपस्टिक काढली. वरच्या खुणेच्या दोन बोटं वर ऑइल. पट्टी नाकाशी नेली तर डिझेलचा वास. बोटांत चोळलं, तर ऑइलची जी पकड असते, ती नाही. वर्तमानपत्रावर एक थेंब सोडला आणि नानांना बघत राहायला सांगितलं. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती पिवळट ओलं वर्तुळ पसरत पसरत मजकुराच्या तीन ओळी ओलांडून गेलं. ते वर्तुळ डिझेलचं.

इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट खोलला तेव्हा धार पाण्यासारखी पडली. मापानं मोजलं. मागच्या सर्व्हिसला बारा लिटर घातलं होतं, निघालं साडेचौदा. हे अडीच लिटर कुणी वरून ओतलेले नव्हते.

मग फिल्टर कापला. फिल्टर करवतीनं कापू नये, करवतीचाच चुरा आत पडतो आणि मग इंजिनातला कोणता नि आपला कोणता ते कळत नाही. कटरनं झाकण काढलं, आतला कागद उलगडून उन्हात धरला. घड्यांमध्ये तांबूस चमक होती. चुंबक फिरवला, काही चिकटलं नाही. म्हणजे लोखंड नाही, बेरिंगचा वरचा थर झिजून खालचं तांबं सुटलेलं. चेंबर उतरवला तर बिगेंडच्या, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या, दोन बेरिंगांवर नखाला लागतील अशा रेघा होत्या. अजून दोन किलोमीटर चढ ओढला असता तर क्रँक गेला असता, कदाचित रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. मामांनी ठोका ऐकताच गाडी बंद केली म्हणून क्रँक वाचला. हे मी नानांना मामांसमोरच सांगितलं. पाठीमागे सांगून उपयोग नव्हता.

आता डिझेल ऑइलमध्ये गेलं कसं? मामांना विचारलं, टाकी कुठं भरता? ते नानांकडे बघायला लागले. नानांनीच सांगितलं, महिनाभर बॅरलमधून घेतोय, बायोडिझेल म्हणून मिळतं, लिटरमागे आठ-दहा रुपये वाचतात. टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत नमुना काढून स्टुलावर ठेवला. अर्ध्या तासात तळाला पाण्याचा थर बसला आणि वर गढूळ धूर असल्यासारखं काहीतरी तरंगत राहिलं. चांगलं डिझेल बाटलीतून आरपार दिसतं. खरं बायोडिझेल ही वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. पण त्या नावाखाली बॅरलमध्ये काय काय मिसळतात त्याचा भरवसा नाही.

या इंजिनात कॉमन रेल आहे, म्हणजे एकाच नळीत दाबून ठेवलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरांना मिळतं. ट्रकच्या टायरमध्ये हवा असते साधारण ८ बारची. इथं इंजेक्टरपाशी डिझेलचा दाब १६०० बारच्या पुढे जातो. आतले भाग इतके नेमके बसवलेले असतात, की डोळ्यांना न दिसणारा कण आणि पाण्याचा थेंबही त्यांना पुरतो. इंजेक्टर टेस्ट बेंचला पाठवले. चारपैकी दोन फवाऱ्याऐवजी थेंब टाकत होते. थेंब नीट जळत नाही. थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, बाकीच्याची काजळी होते.

ही काजळी बीएस-सिक्स गाडीत बाहेर पडत नाही, सायलेन्सरकडच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या गाळणीत, अडकते. तो भरत आला की इंजिन स्वतःच त्याची सफाई करतं. या गाडीत त्यासाठी जास्तीचं डिझेल उशिरा सोडलं जातं, त्यामुळं धूर तापतो आणि साधारण ६०० अंशांवर काजळी जळून जाते. त्या उशिरा सोडलेल्या डिझेलमधलंही थोडं भिंतीवरून चेंबरमध्ये झिरपतं. अधूनमधून सफाई झाली तर चालतं. इथं काजळी इतकी होती, की सफाई वरचेवर लागत होती. मामा म्हणाले, समोरच्या डॅशबोर्डवर त्या सफाईचा दिवा महिनाभर सारखा लागायचा. कांद्याच्या लिलावाला गाड्यांची रांग, पुढं सरकायला दोन-दोन तास, म्हणून ते इंजिन बंद करायचे. सफाई अर्धवट राहायची, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. चुकलंच ते, पण दिव्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला होता? मी नानांना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हता. दिव्याबद्दल फोनवर नानांचं "माल पोचव आधी" एवढंच बोलणं झालं होतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण ऑइलसुद्धा चुकीचं होतं. नानांच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांसाठी आणलेलं सीआय-फोर दर्जाचं बॅरल आहे, त्यातलंच या गाडीला घातलं होतं. "पंधरा-चाळीसच तर आहे," नाना म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. वर्षानुवर्षं त्याच ऑइलवर त्यांच्या गाड्या नीट पळाल्या आहेत. पण पंधरा-चाळीस हा फक्त जाडीचा आकडा झाला. पूर्वी डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं, त्याचं आम्ल व्हायचं आणि ते मारायला ऑइलमध्ये क्षार भरपूर घालावे लागत. त्या क्षारांची मागे राख राहते. जुन्या दर्जाच्या ऑइलमध्ये ती सर्वसाधारणपणे १.२ ते १.५ टक्के भरते. नव्या गाड्यांना चालणारा सीके-फोर हा दर्जा २०१६ च्या डिसेंबरात आला, त्यात राखेची मर्यादा १ टक्का आहे. १ एप्रिल २०२० पासून पंपावरच्या डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं, तेव्हा एवढ्या क्षारांची गरजही उरली नाही. काजळी जळते, राख जळत नाही. ती डीपीएफच्या भोकांत बसून राहते, डीपीएफ आणखी लवकर भरतो, आणखी सफाया, आणखी डिझेल ऑइलमध्ये. असं चाक फिरत राहिलं आणि घाटात पूर्ण लोड आल्यावर पातळ झालेल्या ऑइलला बेरिंग पेलवलं नाही.

क्रँक ग्राइंडिंगला गेला, घासून बारीक झालेल्या क्रँकला बसतील अशी ०.२५ मिलिमीटर अंडरसाइज बेरिंग बसवली, दोन इंजेक्टर बदलले, डीपीएफ काढून मशीनवर साफ केला, टाकी धुतली. बिल दोन लाखांच्या घरात गेलं. नानांनी बिल हातात घेतलं, तेव्हा मी त्या वर्तमानपत्राचा तुकडा त्यावर ठेवला. वर्तुळ वाळलं होतं, पण कडा दिसत होती. ते बराच वेळ बघत राहिले, मग मामांना म्हणाले, "पगाराचं सोडून दे. माझंच चुकलं."

मामांना मी दोन गोष्टी समोर बसवून शिकवल्या. सफाईचा दिवा लागला की शक्यतो हायवेला गाडी चालती ठेवायची, बंद करायची नाही. आणि पट्टीवर ऑइल कमी दिसो की जास्त, त्याच दिवशी फोन करायचा.

निघताना नानांनी विचारलं, "मग आता दोन प्रकारचं ऑइल ठेवू का?" मी म्हटलं, नको, पुढचं बॅरल सीके-फोरच आणा, ते जुन्या गाड्यांनाही चालतं. उरलेलं जुनं मात्र जुन्यांनाच संपवा. मामांनी गॅरेजमधला लाल रंगाचा डबा आणि ब्रश मागून घेतला. चार दिवसांनी पिंपळगावला गेलो, तेव्हा शेडमधल्या बॅरलवर हातभर अक्षरात लिहिलेलं होतं : फक्त जुन्या गाड्या.