पश्चिमेच्या भिंतीसाठी लाकूड

घराच्या पश्चिम भिंतीला बाहेरून फळ्या लावायच्या ठरल्या, तेव्हा रंगापेक्षा नागपूरच्या हवेचा विचार आधी करावा लागला. कारण मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या कोरड्या उन्हात आकसलेली फळी जुलैच्या झडीत पुन्हा फुगते आणि लाकडाची खरी परीक्षा या आकसण्या-फुगण्यातच होते. सागवान या बाबतीत उजवे ठरते, कारण त्याचा आकार कमी बदलतो आणि गाभ्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही.

मात्र केवळ ‘बल्लारशाहचा साग’ एवढे ऐकून पैसे मोजू नयेत. लकडगंजातल्या लाकूडबाजारात फळीचे टोक निरखून पाहिले, की सोनेरी-तपकिरी गाभ्याच्या कडेला पांढरट पट्टा दिसतो. तो भाग सागाचा असला तरी किडीला बळी पडतो. असा पट्टा असलेली फळी मी सरळ बाजूला ठेवतो, मग दुकानदार कितीही नाक मुरडो.

ऐनाचे लाकूड मजबूत असले तरी उन्हात तडकते. पाइन स्वस्त मिळते, पण रासायनिक प्रक्रियेविना ते बाहेर टिकत नाही. बिजाच्या झाडाचे लाकूड टिकाऊ खरे. परंतु ओले झाल्यावर त्यातून उतरणारा रंग भिंतीवर ओघळतो, म्हणून पांढऱ्या भिंतीवर मी ते लावणार नाही.

सागही उन्हापावसाने करडा पडतोच. मला तो रंग आवडतो. ज्यांना आवडत नाही त्यांनी दरवर्षी तेलाचा हात देण्याची तयारी ठेवावी. फळ्यांमागे हवा खेळण्यापुरती जागा सोडावी आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, कारण साध्या लोखंडाचे काळे डाग लाकडात मुरतात.